एकशे पाचच्या वर

"सर, तिला जरा दम घेऊ द्या."

एवढं म्हणून आमचे ड्रायव्हर चाचा गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायचे. त्याआधी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून समोरच्या मोबाईलकडे दाखवायचे. थांबायचा निर्णय आपला नाही, आकड्याचा आहे, हे मला कळावं म्हणून. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, इंजिन चालूच ठेवायचं, थर्मासमधला चहा ओतायचा आणि आकडा खाली येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं. घाई केली की चाचा माझ्याकडे असं बघायचे, की मीच गाडीला चटका दिला असावा.

मी लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. लातुरात तेव्हा चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फलक लागायला लागले होते. आमच्या संचालकांनी नांदेडलाही शाखा काढली, आणि आम्हा शिक्षकांची ने-आण करायला एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. घेतल्या घेतल्या तिचा गिअरबॉक्स जळला. दुरुस्तीनंतर मिस्त्रींनी स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढा एक स्कॅनर बसवला आणि चाचांना सांगितलं, "ह्यात गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान मोबाईलवर दिसतंय. एकशे पाचच्या वर गेलं की थांबायचं." मिस्त्री हे सहज बोलून गेले असतील. चाचांनी ते गाठ मारून ठेवलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकदा एखादी गोष्ट अंगावर घेतली की तिच्यापुढे संचालक काय आणि वेळापत्रक काय. नांदेडच्या पोरांना माझ्या उशिराचं कारण पाठ झालं होतं. मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "सर, आज किती ताप होता?" संचालकांनी एकदा चाचांना झापलं, तेव्हा चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही पोरांच्या टेस्ट कशाला घेता? आधीच कळावं म्हणूनच ना?" मला हसू आवरेना.

आमचं थांबायचं ठिकाण बहुतेक ठरलेलं होतं, लोह्याच्या अलीकडचं एक चिंचेचं झाड. त्या झाडाखाली चाचांनी एकदा जीपची गोष्ट सांगितली.

चाचा मूळचे औशाचे. भूकंप झाला तेव्हा ते तिशीतही नव्हते, औशाहून खेड्यापाड्यांत जीप चालवायचे. त्या पहाटे ते जीप घेऊन थेट आपल्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या गावाकडे सुटले. ढिगाऱ्यातून आपाला काढलं, तेव्हा ती बोलत होती. तिला आणि आणखी काही जणांना मागं झोपवून ते दवाखान्याकडे निघाले, आणि अर्ध्या वाटेवर गिअरबॉक्स जाम झाला. तेल कधीचं गळत होतं. काही दिवसांपासून आवाजही येत होता, पण सीटा भरलेल्या असायच्या आणि आवाजाकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता. दुसरी गाडी येईपर्यंत आपा गेली.

"तिनं पाणी मागितलं, ते दिलं," चाचा म्हणाले. "दुसरं काय देणार? गाडी काही तरी सांगून राहिली होती, सर. मला ऐकू आलं न्हाई. आता बघा, आकडाच दिसतोय. लई चांगलं केलं हे ज्यानं केलं त्यानं."

त्या दिवसापासून मी उशिराबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

एका उन्हाळ्यात चाचांनी नवा मोबाईल घेतला. दुकानातल्या पोराकडून स्कॅनरचं अ‍ॅप टाकून घेतलं. तेव्हापासून आमचं थांबणं वाढलं. लोह्याच्या आधीही थांबायचो, नंतरही. ऊनच तसं आहे, असं आम्ही दोघंही म्हणत होतो.

त्याच दिवसांत आम्ही नांदेडला असताना चाचांना फोन आला. चाची इस्लापूरला मुलीकडे गेल्या होत्या आणि त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच नांदेडला न्यायला सांगितलं होतं, पण रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. मी तास सोडून चाचांबरोबर निघालो. जाताना आकडा चढला नव्हता का, मला आठवत नाही. चाचांनी तिकडं पाहिलंच नसावं.

येताना मात्र चाची मागच्या सीटवर होत्या, मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून. ऊन रणरणत होतं, रस्ता खराब, चढउतार. हिमायतनगरच्या पुढे चाचांचं बोट उचललं गेलं. एकशे सहा. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"अब्बा, चला ना," मुलगी म्हणाली.

"चाचा, आज राहू द्या," मी म्हणालो.

"आज कसं राहू द्यायचं, सर?" चाचा म्हणाले. "बंद पडली तर तिला कसं न्यायचं? सांगा ना, कसं न्यायचं?"

तेल किती तापलं की काय होतं, हे मला काय ठाऊक. आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत बसलो. चाची डोळे मिटून होत्या, त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मुलगी ओढणीनं वारा घालत होती. आकडा एकेक करून उतरत होता. भोकरच्या आसपास पुन्हा थांबलो, आणि नांदेड जवळ आल्यावर पुन्हा एकदा. एवढं असहाय मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा चाची शुद्धीवर होत्या. दुसऱ्या दिवशी गेल्या. "थोडं लवकर आणायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर हे सगळ्यांनाच म्हणतात. चाचांनी हात जोडले आणि म्हणाले, "हिला आणलं तरी, साहेब. आपाला तर आणताच आलं न्हाई."

चाचा घरी असताना गाडी सर्व्हिसिंगला मीच नेली. मिस्त्रींनी आपला मोठा स्कॅनर लावला, मग चाचांचा मोबाईल मागितला. तो दवाखान्याच्या गडबडीत माझ्याकडेच राहिला होता. दोन्हीकडचे आकडे त्यांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले.

"सर, ह्याच्यात गाडीचं मॉडेल दुसरंच निवडलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "आकडा वीसेक अंशांनी जास्त दाखवून राहिला. तेल गार करणारा कूलर मागंच बदलला होता, तेव्हापासून तेल कधी तापलंच न्हाई."

मी तिथल्या टायरवर बसलो. मला संताप आला होता, पण कुणाचा करायचा ते कळेना. दुकानातल्या पोराचा, मोबाईलचा, की त्या रणरणत्या रस्त्यावर गप्प बसलेल्या आम्हा सगळ्यांचा? मिस्त्री सेटिंग बदलायला लागले आणि मध्येच थांबले. आकडा एकदम खाली आला तर चाचा विचारणार. आणि विचारलं तर सांगणार काय?

"तुम्ही सांगता का?" मिस्त्रींनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मोबाईल तसाच माझ्या हातात दिला.

चाचा कामावर परतले आणि आम्ही पुन्हा थांबायला लागलो. तेल गार असायचं, मला माहीत असायचं, आणि मी चिंचेखाली उभा राहून चहा प्यायचो. चाचा कधीतरी म्हणायचे, "त्या दिवशी आकडा बघितला म्हणून पोचलो, सर. न्हाई तर तीही वाटेतच गेली असती."

"हाव, चाचा," मी म्हणायचो. याहून जास्त मला कधी जमलं नाही.

पुढे चाचांची नजर अधू झाली आणि ते इस्लापूरला मुलीकडे राहायला गेले. नव्या ड्रायव्हरनं स्वतःच्या मोबाईलवर अ‍ॅप घेतलं, मॉडेल बरोबर निवडलं. "सर, ही तर नव्वदच्या वर जातच न्हाई," तो म्हणाला. "चाचा कशाला थांबत होते?" त्यांच्या वेळी तापायची, असं मी सांगितलं.

अधूनमधून चाचांचा फोन यायचा. एकदा तो नेमका लोह्याजवळ आला.

"गाडी तापते का, सर?"

"तापते, चाचा."

"मग थांबली कशी न्हाई? आवाज येऊन राहिला मला."

मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. चिंचेखाली गाडी थांबली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"थांबलोय, चाचा."

"इंजिन बंद करू नका. तेल फिरू द्या."

"हाव."

"मग पोचाल तुम्ही," चाचा समाधानानं म्हणाले.

गेल्या थंडीत चाचा गेले. मुलीनं कळवलं. दोन दिवसांनी माझा नांदेडला तास होता. लोहा जवळ आलं, चिंचेचं झाड दिसलं, आणि थांब म्हणायला मला काही कारण सापडेना. आकडा सत्त्याऐंशी होता. नांदेडला आम्ही अगदी वेळेवर पोचलो.