न पाहिलेला भांडखोर

त्याचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. मी टोकावड्याच्या घरातून काम करतो. तो कुठल्या देशात बसतो, कोण जाणे. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक कंपायलर जगाला फुकट मिळतो. तो सांभाळायला एका बड्या कंपनीने या गृहस्थाला पगारावर बसवलं होतं. त्यात माझी पहिलीवहिली दुरुस्ती जावी म्हणून मी ती, ती नीट चालते हे तपासणाऱ्या छोट्या चाचणी-प्रोग्रॅमसकट, पाठवायचो आणि तो परत करायचा. "चाचणी अपुरी आहे." पुढे ठसठशीत पूर्णविराम. गोड शब्द एकही नाही.

"कोण रं तो, रोज तुज्याशी भांडतो?" नाचणी पाखडताना आई विचारायची.

"माणूस नाय गो आये, डोकेदुखी हाय!"

मग कंपनीने हात आखडता घेतला आणि त्याची नोकरी गेली. माझी दुरुस्ती बघणारं कुणीच उरलं नाही. आई रोज विचारी, "आज पण नाय भांडला?" घर सुनं वाटायचं.

एका सकाळी त्याच्या खासगी ईमेलवरून निरोप आला : "आता मला याचा पगार मिळत नाही. चाचणी मात्र अजूनही अपुरीच आहे."

"भांडला गो आये!" मी ओरडलो, आणि चाचणी पुन्हा लिहायला बसलो.