चार मीटर काचतार

दादाचं लग्न माझ्या पीएचडीपायी अडलं होतं. वडील गेल्यावर भिवपुरीच्या वीजकेंद्रात वायरमन होऊन त्यानं मला मुंबईत शिकवलं, आणि "तुझं झालं की माझं" हेही त्यानंच ठरवून टाकलं. खालापूरची मुलगी पसंत होती, तीही थांबली होती. ऐंशीच्या दशकाची अखेर आली तरी माझा प्रयोग मार्गी लागत नव्हता.

प्रयोग सांगायला सोपा. संगणकांचे निरोप छोट्या पाकिटांतून जातात, प्रत्येकावर पुढे पत्ता असतो. प्रकाशाच्या रूपात आलेलं पाकीट नाक्यावर विजेत बदला, पत्ता वाचा, पुन्हा त्याचा प्रकाश करा, यात फार वेळ जातो. मला हा खटाटोपच नको होता. पत्ता प्रकाशानंच वाचावा आणि पाकिटानं प्रकाश म्हणूनच आपल्या वाटेला लागावं. पण वाट बदलेपर्यंत पाकिटाला थांबवायचं कसं? प्रकाश काही थांबत नाही. म्हणून त्याला केसाएवढ्या काचेच्या तारेतून दोनशे मीटर फिरवून आणायचं, तेवढ्यात वाट तयार होते.

तार परदेशातून मोजून तेवढीच आली. प्रयोगाच्या पेटीत बसेल असं लाकडी रीळ दादानं करून दिलं आणि एका रविवारी क्वार्टरच्या ओट्यावर आम्ही दोघांनी ती गुंडाळली. शेवटी मी चहा ठेवायला आत गेले.

प्रयोगशाळेत प्रत्येक पाकीट वाट चुकायला लागलं. तीन दिवस मी आरशांना, लेझरला, नशिबाला शिव्या घातल्या. मग प्रकाशाला लागणाऱ्या वेळावरून तारेची लांबी काढली. चार मीटर कमी. लोंबती टोकं दादाला कधीच बघवत नसत.

मी तडक घर गाठलं आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता त्याच्यावर तुटून पडले. "तुला कुणी सांगितलं होतं कापायला?"

"जास्तीची होती गं. काम नीट दिसावं म्हून कापली."

"त्यानं पाकीट लवकर पोचतंय!"

"किती लवकर?"

"सेकंदाचे पाच कोटी भाग केले तर त्यातला एक."

तो हसला असता तर बरं झालं असतं. "जोडता येत नाय?"

"जोडायचं यंत्र नाही आमच्याकडे. नवी तार यायला वर्ष जाईल."

"बरं," तो म्हणाला. "थांबू आमी."

मी न जेवताच परत निघाले. दुसऱ्या दिवशी सुचलं की तार वाढत नसेल तर पत्ता जरा आधी धाडावा, पत्ता आणि मजकूर यांत मोकळी जागा वाढवावी. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पाकिटं मुकाट आपापल्या वाटेला लागली. आधी डोकं चालवलं असतं तर भांडायला जावं लागलं नसतं, याचीही मला चीड आली, आणि ती मी दादावरच काढली. घरी काही कळवलं नाही.

वैशाखात विहारात दादाचं लग्न लागलं. जेवणं उरकल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, तुमी भांडून गेलात ना, दुसऱ्या दिवशी हे आमच्याकडं आलते. म्हणाले, चूक माझी हाय, अजून वर्ष जाईल, तुला दुसरीकडं बघायचं तर बघ. पंधरा दिवस आमच्या घरात कुणी धड बोलत नव्हतं. मग तुमचं पत्र आलं."

ते पत्र मी त्याच दिवशी टाकू शकले असते. रुसून पंधरा दिवस टाकलं नव्हतं.