करंगळीनं ओढायचा नंदी

तुमच्यापासून काय लपवायचं? यंदा तान्ह्या पोळ्यात मी अशी माती खाल्ली का हिंगणघाटची आमची गल्ली अजून हसून राह्यली!

मी विज्ञानाचा मास्तर. अक्कल घरीही वापरतो, हीच खोड. तान्ह्या पोळ्याले लेकरं लाकडी नंदी ओढत देवळापुढं नेतात न, त्यात आमच्या सहा वर्षाच्या परीले पयला नंबर पायजे होता. मी आणला माह्या कमरेएवढा सागवानी नंदी! परीनं दोरी ओढली. नंदी हलन तं शपथ! पोरगी रडकुंडीले आली.

"अहो, लहान आणाचा असता," बायको म्हणे.

"वजनाचं काय घेऊन बसली? खरा दुश्मन घर्षण! चाकाले बेरिंग टाकतो, करंगळीनं ओढन पोरगी."

अन् ओढला न भाऊ! करंगळीनं! बाकीच्यायचे नंदी कुईकुई करत चालले, आमचा एकदम मक्खन. लोकं दारात येऊन पाहत, अन् मी मागून छाती फुगवून चालतो. अजून काय पायजे बापाले?

देवळापुढं तोरणाखाली रांग लागली. परीक्षक येईपर्यंत नंदी रांगेत पायजे, नाई तं बाद. जागा जराशी चढाची. सगळ्यायचे नंदी गुमान उभे. परीनं दोरी सोडली अन् आमचा निघाला मागं!

"बाबा, पकडा!"

पकडला. जागेवर आणला. हात काढला, पुन्हा मागं! घर्षण तं मीच संपवलं, आता याले अडवन कोण? अन् वजन सारंच्या सारं शाबूत! शेवटी नंदीच्या मागं बसलो, पाठ टेकवली, पाय रोवले. बाप्पा, पार घामाघूम!

"मास्तर, खाली काऊन बसले?" शेजारच्या काकू म्हणे.

"काई नाई, बसलो असाच," मी दात काढले.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. नंदीची शिंगं पाह्यली, झूल पाह्यली, खुश झाल्या. मग वाकून चाकं पाह्यली.

"अगं, एवढा भारी नंदी, चाकाले बेरिंग, अन् चढावर उभा कसा राह्यला? मागं गोटा लावला का?"

माही लेक ऐटीत म्हणे, "गोटा कायले पायजे मॅडम? बाबा लावले न मी!"