काकांच्या मुंबईची हद्द

थोरल्या काकांवर मी सूड उगवला तो गणपतीच्या देखत, आणि त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मी डोळे पुसेन म्हणून कुणी वाट बघत बसायला नको.

काका गिरगावात राहायचे. ऐंशीनंतरची ती पहिली वर्षं. मालवणच्या बाजूला आमच्या वाडीत घरटी एक तरी माणूस मुंबईला चाकरीला होता, पण काकांचा तोरा वेगळाच. गणपतीला आले की पडवीत आरामखुर्ची टाकून बसायचे आणि मालवणी सोडून आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचे. माझे वडील त्यांचे धाकटे भाऊ, गावातल्याच शाळेत मास्तर. काका त्यांचे दादा, आणि दादांचा शब्द त्यांना देवाचा.

त्या साली माझ्या मोठ्या बहिणीला स्थळ आलं. मुलगा मुंबईला कारखान्यात फिटर, भांडुपला स्वतःची खोली. बघायला आला तेव्हा पुढ्यात शिरवाळ्यांचं, म्हणजे तांदळाच्या गोड शेवयांचं ताट ठेवलं तरी मान वर करेना, इतका लाजाळू. संध्याकाळी विहिरीवर बहीण मला हळूच म्हणाली, "माका आवाडलो." तिने तोंड उघडून काही मागितलं ते तेवढंच. "चेडू मुंबैक जातला", पोरगी मुंबईला जाणार, असं वडिलांनी वाडीभर सांगूनही टाकलं. दादांनी तिकडे खोली बघून यावी, एवढंच राहिलं होतं.

चवथीला काका आले. वडिलांनी घाईघाईने विचारलं, "दादानू, जागा बघलास?"

"बघितली," काका म्हणाले. "पण भांडुप म्हणजे मुंबई नव्हे. मुंबई म्हणजे फोर्ट, काळबादेवी, गिरगाव. फार तर परळ धरा. दादरच्या पुढे मुंबई संपली. तिथले लोकच म्हणतात, मुंबईला जाऊन येतो."

पडवी माणसांनी भरलेली होती. कुणीतरी फिसकन हसलं. वडिलांचा चेहरा एवढाएवढासा झाला. इतके दिवस मुंबई मुंबई करून मिरवलं होतं ना! गणपती पाण्यात जायच्या आत त्या स्थळाला नकार गेला. खोली कशी आहे, माणसं कशी आहेत, कुणी विचारलंच नाही. बहिणीने त्या दिवशी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

मग मला खूळच लागलं. जो चाकरमानी भेटेल त्याला विचारायचो, "मुंबई खंयसून खंयपर्यंत?" लालबागवाला म्हणाला, लालबाग-परळ हीच खरी मुंबई, फोर्टात काय, ऑफिसं सुटली की चिटपाखरू नसतं. माहीमवाल्याने खाडीची हद्द घातली, अलीकडे मुंबई आणि पलीकडे जंगल. कुर्ल्याचा एक जण खाडी ओलांडून पार कुर्ल्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. ज्याची खोली जिथे, तिच्या पुढच्या स्टेशनावर त्याची मुंबई संपायची. एसटीत एकदा शेजारी भांडुपचाच माणूस बसला होता. तो सहज बोलून गेला, "माका रोज मुंबैक जावचा लागता."

म्हणजे काका खोटं बोलले नव्हते. हे कळल्यावर तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. असेना का त्यांचं खरं! माझ्या बहिणीला काय फोर्टातल्या फुटपाथवर चूल मांडायची होती?

पुढे नोकरीच्या मुलाखतीसाठी मी मुंबईला गेलो आणि काकांकडेच उतरलो. एका खोलीत पाच माणसं. चुलतभाऊ बाहेर गॅलरीत झोपायचा, आणि सकाळी नळावर काकी बादली घेऊन शेजारणींशी कडाकडा भांडायची. परतायच्या आधी मी मुद्दाम भांडुपला जाऊन आलो. त्या मुलाने वालावलची मुलगी केली होती. दारात शेवगा, शेवग्याजवळ स्वतःचा नळ, नळाच्या पाण्यावर माजलेलं अळू. त्याची बायको तिथे निवांत भांडी घासत होती. मी रस्त्यावरूनच बघितलं आणि माघारी फिरलो.

मला ती नोकरी मिळाली नाही. बहिणीला नंतर बिजवरांचीच स्थळं आली, आणि मग तीही यायची थांबली.

वडील गेले आणि घरच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचं काम माझ्याकडे आलं. एकाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. खरा मान थोरले म्हणून काकांचा. पण गाऱ्हाणं मालवणीतच घालायचं असतं, आणि काकांना ते गावंढळ वाटायचं. तो मान त्यांनी आपणहून सोडला होता.

त्या वर्षी काका नव्या सुनेला घेऊन आले. तिला बिचारीला काय माहीत! पहिल्याच दिवशी ती माझ्या आईला सांगून बसली, की गिरगावची खोली दिवाळीतच विकली, आता सगळे नालासोपाऱ्याला असतात, तिकडे पाणी फार गढूळ येतं. काका मात्र पडवीत आल्यागेल्याला "मुंबईहून आलो" असंच सांगत होते. आईने मला हे सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी दोन मोदक जास्त खाल्ले.

दुसऱ्या दिवशी आरतीला अख्खी वाडी जमली. मी हात जोडून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरातली लेकरां पोटासाठी मुंबैक रवतत, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जेंका मुंबई सुटली, जे हद्दीभायर नालासोपाऱ्याक जावन रवले, तेंकाव परक्या मुलखात सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडले, आणि त्यात काकांचाही आवाज होता. मग त्यांना कळलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. काका पुस्तकी मराठी विसरून पुटपुटले, "रे, देवाफुडे असा बोलतत?"

मी थांबलो नाही. "आणि मुंबईची हद्द दाखवून जेणी दुसऱ्याच्या चेडवाचो संसार मोडलो, तेका ह्याच जल्मात फेडूक लाव रे म्हाराजा!"

कापूर जळत होता, आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. गाऱ्हाणं तसंच लोंबकळत राहिलं.

तेवढ्यात आत चुलीपाशी असलेल्या माझ्या बहिणीचा आवाज आला. एकटीचा, खणखणीत.

"व्हय म्हाराजा!"

मी काकांच्या हातावर प्रसाद ठेवला. त्यांनी मान वर केली नाही.