रंगाखालचा खडू

माझा काका सूड उगवायला बावीस वर्षं थांबला. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि असलं बोलू नये असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही.

नदीवरच्या रेल्वे पुलावर काका रंगारी होता. बाबा त्याच पुलावर रिव्हेट, म्हणजे लोखंडाचे सांधे धरणारे जाड खिळे, तपासायचे. हातोडीचा ठोका मारायचा, आवाज ऐकायचा, आणि रिव्हेट ढिली असली तर तिच्याभोवती खडूनं गोल काढून शेजारी तारीख घालायची. मग दुरुस्तीवाले रिव्हेट बदलत, आणि त्यानंतरच तिथे रंग लागे. रंग दिसला की काम झालं, हे पुलावरचा प्रत्येक माणूस डोळे झाकून धरून चालायचा.

कठडा गर्डरला, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळईला, धरून ठेवणाऱ्या एका रिव्हेटला बाबांनी असा गोल काढला. चार दिवसांवर वरिष्ठांची तपासणी होती. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून पुलाची देखभाल बघणाऱ्या साहेबानं काकाच्या सुट्टीत दुसऱ्याकडून खुणेवर रंग फासून घेतला. बाबांनी रंग पाहिला, निर्धास्तपणे त्या कठड्याला दोर बांधला आणि खाली उतरले. कठडा निखळला. नदीनं बाबांना दोन दिवसांनी परत दिलं.

चौकशीत साहेबानं लिहिलं, ‘मृताने हलगर्जीपणा केला. खूण केलेली नव्हती.’ आईला ते वाक्य अजून तोंडपाठ आहे.

काका पुलावर गेला तेव्हा गर्डरवर, रिव्हेटच्या रिकाम्या भोकाभोवती, रंग गोल फुगलेला होता. खडूवर रंग कधी धड धरत नाही.

“वहिनी, खूण आहे. रंगाखाली आहे.”

“मग खरवडा ना, भाऊजी!”

“ती एकदाच दाखवता येईल. आज दाखवली तर तो पुसून टाकेल आणि मलाच खोटं पाडेल. त्याच्याच हातून काढायची. चार माणसांसमोर.”

पुढे दर रंगकामाला काकानं अख्खा पूल खरवडला, पण त्या हातभर जागेवर पातळ रंगाचा नुसता हात फिरवला. पोटच्या पोरासारखी जपली त्यानं ती जागा.

यंदा नदीखालचा बोगदा तयार झाला. गाड्या आता तिथून जाणार, पूल तोडणार. निरोप समारंभाला साहेब प्रमुख पाहुणा! निवृत्त झाला तरी मिरवायची हौस गेली नव्हती. काकानं गोड बोलून आयोजकांना पटवलं की जुन्या रंगाचा पहिला पापुद्रा साहेबांनीच काढावा, आठवण म्हणून. जागा काकानंच दाखवली.

साहेबानं कॅमेऱ्यांकडे बघत खरवडणी घातली. तळहाताएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. लोखंडावर भोकाभोवती पांढरा गोल होता. शेजारी बाबांच्या अक्षरात तारीख, अपघाताच्या आठ दिवस आधीची.

“खडूची खूण,” मागून पुलावरचा कुणी जुना कामगार म्हणाला. “या कठड्याला तर खूणच नव्हती ना?”

साहेबाचा चेहरा उतरला. आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात पुसायला पुढे गेला.

आई गर्दीतून आली आणि तिनं ते मनगट धरलं.

“तेव्हा रंग दुसऱ्याकडून लावून घेतलात,” ती म्हणाली. “आज स्वतः पुसताय?”

तो माझ्याकडे बघत होता. सोडव, असं त्याचे डोळे म्हणत होते. मी आईला म्हटलं, “घट्ट धर. अजून मागच्यांना दिसलं नाहीये.”