उद्या बाहेर जायचंय

किस्से साठतात कसे, ते आमच्या फडताळातल्या डब्यांच्या झाकणांना विचारावं. एक ओढायला जावं तर दहा धडाधड अंगावर येतात, आणि हवं ते नेमकं तळाशी! फौजींच्या बायकांचे किस्से तसेच.

कारगिलनंतरची ती वर्षं. अवसरी बुद्रुकच्या एसटीडी बूथसमोरच्या बाकावर दर रविवारी आम्ही तिघी फोनची वाट बघत बसायचो. वत्सलाताई, नंदा आणि मी. तिघींचे नवरे काश्मीरमध्ये. वत्सलाताईंचे सुभेदार. नंदाचा आणि माझा एकाच तुकडीत, अतिरेक्यांच्या मागावर. माझ्या मांडीवर माझी दीड वर्षाची लेक, चिऊ.

* * *

फौजी फोनवर काही सांगत नाहीत. सांगायचंच नसतं. ‘सगळं ठीक’ आणि ‘उद्या बाहेर जायचंय’, एवढीच काय ती बातमी. त्यातलं ‘बाहेर’ म्हणजे मोहीम. आमच्या घरी बाहेर जायचं म्हणजे मंचरचा बाजार!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नवीनच होते. काळजीने म्हटलं, “अहो, मग स्वेटर घालून जा हं.”

पलीकडून हे म्हणाले, “घालतो. त्याच्यावरून बुलेटप्रूफ जॅकेट घातलं तर चालेल ना?”

* * *

टीव्हीवर हल्ल्याची बातमी आली की आमच्या चौकात सगळेच जनरल! एकदा सलूनच्या खुर्चीत, तोंडाला साबण फासलेले एक पाहुणे गरजत होते, “गावंच्या गावं साफ करा म्हनावं! कसला कायदा न् कसलं काय! एकदाचे रणगाडे सोडा!”

वत्सलाताई रस्त्याने चालल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

“पावणं, वस्तरा कुठं थांबवायचा ते ह्या भाऊला कळतंय, म्हणून तुमचं नाक जाग्यावर हाय!”

पुढची दाढी अगदी शांततेत पार पडली.

* * *

माझे सासरे, आबा, फौजेतले जुने हवालदार. मला झोप लागेना म्हणून एकदा त्यांनाच विचारलं, “आबा, समोरून गोळी आली तरी कायद्यासाठी थांबायचं?”

“थांबायचं कशाला? लगीच घालायची. पर ज्यानं मारली त्याला. त्याच्या शेजाऱ्याला न्हाई.”

“आणि तो शेजाऱ्याच्याच घरात लपला असेल तर?”

“शेजाऱ्याला आधी बाहेर काढायचं.”

“आणि नाही निघाला तर?”

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. “सूनबाई, तू बी.ए. कशात केलंस?”

“राज्यशास्त्रात.”

“मग मला अडाण्याला कशाला इचारती?”

‘कायद्याचे राज्य’ यावर मी परीक्षेत टीप लिहिली होती, खरंय. एक मार्क कापला होता. तो कशासाठी, ते आत्ता कळत होतं!

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही, पण त्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

नंदाच्या नवऱ्याला गोळी लागली. मांडीत.

झालं असं की एका घरात दोन अतिरेकी शिरले. घर उडवायचं सामान आपल्या जवानांपाशी होतं. पण आत घरची माणसं अडकलेली. मग लाऊडस्पीकरवरून हाका मारत ही मंडळी थांबून राहिली. एकेक करून माणसं बाहेर आली. म्हातारी, तिची सून, मुलं. शेवटच्या मुलीला उचलून घ्यायला नंदाचा नवरा पुढे झाला आणि आतून गोळी आली. मुलगी सुखरूप निघाली. मग मात्र कुणी थांबलं नाही. दोघे अतिरेकी तिथेच संपले.

गावातली माणसं नंदाला भेटायला आली. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, “शाब्बास! एवढ्या धुमश्चक्रीतबी कायदा पाळला हां!”

नंदा म्हणाली, “पाळला ना. माझ्या नवऱ्याच्या मांडीतनं पाळला!”

* * *

नंदाचा नवरा काठी टेकत रजेवर आला. चौकातल्या जनरल लोकांनी त्याला लगेच घेरलं.

“भाऊ, सरळ घरच उडवायचं व्हतं की राव! सगळ्यात अवघड काय गेलं?”

“म्हातारी!” तो म्हणाला. “बाहेर आली, आन् कोंबडी आत राह्यली म्हणून परत आत निघाली. तिला धरून ठिवायला दोन जवान लागले!”

“आन् कोंबडीचं काय झालं?”

“गेली बिचारी गोळीबारात.” त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. “तेवढा एक अतिरेक झाला आमच्याकडनं.”

* * *

नवरा घरी असूनही नंदा रविवारी बाकावर यायचीच. “सवय लागली गं,” म्हणायची.

त्या रविवारी माझं ठरलं होतं. आठवडाभर भाकऱ्या थापताना तेच वाक्य घोकत होते: अहो, थांबू नका. आधी गोळी घाला, लाऊडस्पीकर नंतर! सासऱ्यांसमोर हे बोलायची हिंमत नव्हती. वत्सलाताईंसमोर तर त्याहून नाही. पण मला चिऊचा बाप हवा होता. धड, दोन्ही पायांवर चालत आलेला.

फोन वाजला. मी चिऊला नंदाकडे दिलं आणि बूथमध्ये शिरले. बूथचं दार कधीच लागत नसे, त्यामुळे आतलं सगळं बाकावर ऐकू जायचं.

“सगळं ठीक,” हे म्हणाले. “उद्या बाहेर जायचंय.”

“कुठे?” मूर्खासारखं विचारलंच मी.

“तिकडंच. मागच्या वेळच्या अंगाला.”

“अहो, ऐका. या वेळी तुम्ही… म्हणजे मला काय म्हणायचंय…”

“काय? लवकर बोल, मागे लाईन आहे.”

आठवडाभर घोकलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच थबकलं. तेवढ्यात खांद्यावरून एक हात आला. चिऊला कडेवर सावरत नंदाने रिसीव्हर माझ्याकडून ओढूनच घेतला.

“भाऊजी, नंदा बोलतीय. जितकं थांबायचं तितकं थांबा. माणसं बाहेर काढा, लेकरं बाहेर काढा. पर थांबताना भिंतीआड थांबा! आमच्या येड्यागत उघड्यावर न्हाई! आलं का ध्यानात? भिंतीआड!”

मग रिसीव्हर पुन्हा माझ्या हातात देत म्हणाली, “हां, बोल. तू काय म्हणत व्हतीस?”