बावीस देवळांची गल्ली

कौन्सिलच्या यादीप्रमाणे त्या गल्लीत सलग बावीस देवळं होती. मी त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालो. देऊळ तिथे एकही नव्हतं.

आमच्या बेटाला स्वातंत्र्य मिळण्याच्या थोडं आधीची गोष्ट. मी राजधानीत, पोर्ट लुईला, सरकारी ऑडिट ऑफिसात होतो आणि रोझ हिलला खोली घेऊन एकटा राहत होतो. फिनिक्सच्या बाजूच्या एका टाउन कौन्सिलचं बजेट माझ्या टेबलावर आलं. गावाचं नाव सांगत नाही. कौन्सिलला रेट, म्हणजे घरपट्टी, वाढवायचा होता. कारण असं दिलं होतं की अर्ध्या वॉर्डाला एक्झेम्प्शन आहे. प्रार्थनास्थळाला पट्टी माफ असते, म्हणून उरलेल्यांनी जास्त भरावी.

घोळ सापडायला वेळ लागला नाही. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात पडलेली घरं पुन्हा उभी राहिली, तेव्हा कौन्सिलचा क्लार्क फॉर्म घेऊन दारोदार फिरला होता. त्यात एक प्रश्न होता: आवारात पूजेची जागा आहे का? आमच्या मराठी लोकांच्या अंगणात तुळस, भोजपुरी शेजाऱ्यांकडे बांबूवर लाल झेंडा, आत सगळ्यांकडे देव. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. क्लार्कने 'वी', म्हणजे फ्रेंचमध्ये 'हो', लिहिलं आणि तो पुढच्या दारी गेला. पट्टीचं बिल आलं नाही, तेव्हा लोकांना वाटलं, वादळामुळे सरकारला दया आली.

आमच्या ऑफिसात हे दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. तिथे हिंदू मी एकटाच, त्यामुळे आमच्या घराघरात देव असतो हे फक्त मलाच ठाऊक. मी गप्प बसलो असतो तर यादी तशीच पास झाली असती. आणि यादीत सातवं घर काकीचं होतं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, उसाच्या मजुरीवर शिकवलं.

शनिवारी तिच्याकडे गेलो. ती चुलीपाशी होती. मी सगळं समजावून सांगितलं.

"मी खोटं नाय बोलले, बाबू," ती म्हणाली. "लाकाझमधे देव हाय, म्हून हाय बोलले."

"पण काकी, लाकाझ म्हणजे आपलं घर, काही देऊळ नाही."

"मग काय बोलू? देव नाय बोलू?"

मी उठून निघालो. बसमध्ये मला चक्क रडू आलं.

सोमवारी रिपोर्ट लिहिला. एक्झेम्प्शन चुकीचं, रेट वाढवायची गरज नाही. शेवटी एक वाक्य घातलं की लोकांनी उत्तरं प्रामाणिकपणे दिली आहेत, मागची थकबाकी लावू नये. आमचे इंग्रज साहेब त्या वाक्यावर थांबले.

"यात तुमचे कोणी आहेत?"

"आहेत, सर."

"मग हे वाक्य ठेवता येणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी ते खोडलं. ते वाईट नव्हते. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

रेट वाढला नाही. बाजारातल्या दुकानदारांचे पैसे वाचले, आणि ते कोणामुळे हे त्यांना आजही माहीत नाही. गल्लीतल्या बावीस घरांना मात्र थकबाकीसकट बिलं गेली. कोणामुळे, ते तिथे पहिल्याच दिवशी कळलं. काकीने गाय विकली. मी पैसे घेऊन गेलो, तर तिने हातही लावला नाही.

गणेश चतुर्थीला पुन्हा गेलो. आत आरती चालली होती. काकी बाहेर आली, पदराने खुर्ची पुसली आणि ती व्हरांड्यात ठेवली. बशीत मोदक आणले, सोबत चमचा. बाहेरून येणाऱ्या साहेबांना देतात तसा. "बसा," म्हणाली आणि आत गेली. मी मोदक खाल्ले, बशी खुर्चीवर ठेवली आणि निघालो. कोणी थांबवलं नाही.

ऑफिसातल्या नव्या लोकांना मी एवढंच सांगतो: तपासणीच्या भागात आपलं घर असेल, तर फाइल दुसऱ्याला द्यावी. दुसरा कोणी नसेल, तर रिपोर्ट लिहिण्याआधी काकीच्या हातचं पोटभर जेवून घ्यावं.